आधी धड, मग शिंगे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय येत असतात. आज त्या पंक्तीला बैल, शेळी आणि कावळा येऊन बसले आहेत. संयोजकांनी त्यांनाही पान मांडले, याबद्दल मी प्रथम आभार मानतो.

चित्रकलेवर व्याख्यान आहे म्हटले की पुष्कळांना वाटते, 'आपल्याला काय त्याचे? आपला हात काही वळत नाही.' माझे आजचे बोलणे या हात न वळणाऱ्या मंडळींसाठीच आहे. म्हणून संयोजकांकडून हा फळा आणि खडूची पेटी मागून घेतली. ज्यांच्या खिशात पेन्सिल असेल त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याबरोबर काढत जावे. शेजाऱ्याने हसले तर हसू द्यावे. त्याचाही बैल आपल्याला पाहायला मिळणारच आहे.

तेव्हा मुद्द्यालाच हात घालू. एखाद्याला सांगावे, 'एक बैल काढा बरे.' तो काय करतो? आधी डोळा काढतो. डोळ्याला पापण्या देतो. मग शिंगे, मग कान, नाकपुडी, वेसण. हे सारे मन लावून होते. तोवर कागदाचा डावा कोपरा भरतो आणि ध्यानात येते की अजून मान, पाठ, पोट आणि चार पाय राहिले आहेत. मग उरलेल्या जागेत धड कोंबले जाते. त्याखाली बाजेच्या खुरांसारखे चार पाय लागतात आणि शेपटी कागदाबाहेर जाते. 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण आपण ऐकतो. इथे शिंगे आली आणि बैल बाहेर राहिला.

हे असे का होते? हाताचा त्यात दोष थोडा आहे. शिंग, कान, डोळा, शेपूट यांना नावे आहेत, आणि आपण नावे काढतो. या सगळ्यांना जो धरून ठेवतो तो मधला मोठा गोळा, त्याला बोलीत असे ठसठशीत नाव नाही. नाव नाही म्हणून त्याच्याकडे लक्ष नाही. वास्तविक शंभर पावलांवरून येणारे जनावर बैल आहे, म्हैस आहे की घोडा आहे, हे आपण त्या गोळ्यावरूनच ओळखतो. तेवढ्या लांबून डोळा कोणाला दिसतो?

गोळ्यापासून सुरुवात करण्याची ही रीत परदेशातून शिकून यावी अशी नाही. श्रावणी अमावास्येच्या आधी, पोळ्याच्या बाजारात मातीचे बैल विकायला येतात. ते घडविणाऱ्या कुंभाराचे हात पाहा. तो कधी शिंगापासून आरंभ करतो काय? आधी चिखलाचा एक लांबट गोळा घेतो. खालून चिमटून पाय ओढतो, पुढून मान ओढतो, वरून दाबून वशिंड उभे करतो. शिंगे सर्वांत शेवटी, चिमूटभर मातीची. बैल पहिल्या मिनिटातच झालेला असतो. पुढचे सगळे त्याचे साजशृंगार. कागदावर आपल्याला एवढेच करायचे आहे.

आता फळ्याकडे पाहा. प्रथम पाठीची एक रेघ, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत, जवळजवळ आडवी. तिच्या पुढच्या टोकाखाली एक मोठे अंडे काढू, उभे आणि थोडे कललेले. ही छाती. मागच्या टोकाखाली त्याहून लहान अंडे, हा पुठ्ठा. दोहोंमध्ये पोटाचे पिंप, खालून किंचित झोळ आलेले. डोक्यासाठी टोक छाटलेली पाचर. डोके आणि छाती यांना जोडणारी मान म्हणजे छातीकडे रुंद होत जाणारा नळा. मान जिथे पाठीला मिळते तिथे, खांद्यावर, वशिंड ठेवा. ते पाठीच्या मध्यावर सरकले तर बैलाचा उंट होईल. गळ्याखाली पोळीची लोंबती घडी. पाहा, अजून डोळा नाही, शिंग नाही, तरी मागच्या रांगेतल्या मुलांनीसुद्धा ओळखले की हा बैल आहे.

पुढे प्रमाण. खांद्यापासून जमिनीपर्यंत बैलाची जी उंची, तिच्यातली साधारण अर्धी छातीच्या खोलीने भरलेली असते. उरलेली अर्धी म्हणजे पोटाखाली दिसणारा पाय. पेन्सिल डोळ्यासमोर धरून एकदा मोजा. नवशिक्याचा बैल बहुधा चुकतो तो इथे. त्याचे पाय एक तर पाटासारखे आखूड होतात, नाही तर शिडीसारखे उंच.

आपल्याकडची मुले एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांना बसतात. वस्तुचित्राला त्यांच्यासमोर तांब्या, डबा, चेंडू, पुस्तक अशा वस्तू मांडतात आणि ती मुले त्या उत्तम काढतात. तीच मुले प्राणी काढायचा म्हटला की घाबरतात. त्यांना सांगावेसे वाटते, 'अरे, आडवा पडलेला तांब्या तुला काढता येतो ना? मग पोट झाले. चेंडू येतो? मग पुठ्ठा झाला. डबा तिरका धरला की तोंड झाले.' ज्याला तांब्याची कड डोळ्याला कुठे दिसते आणि कुठे लपते हे कळते, त्याला बैलाच्या पोटाचा गोलावा कळायला वेळ लागत नाही. आणि गोळे कल्पिण्याचा खरा लाभ इथेच आहे. वर्तुळ सपाट असते, चेंडू भरीव असतो. बाह्यरेषा गिरवून काढलेला बैल कागदाच्या बाहुलीसारखा एकाच बाजूने दिसतो. भरीव गोळ्यांचा बैल मनातल्या मनात वळविता येतो. तो आपल्याकडे तोंड करून उभा राहिला तर छातीचा गोळा पुढे, पोट त्याच्यामागे झाकलेले, पुठ्ठा थोडासाच डोकावणारा. गोळे तेच, मांडणी फक्त बदलली.

आता पायांकडे येऊ, कारण भल्याभल्यांची गाडी इथे अडते. बैलाचा मागचा गुडघा उलट्या बाजूला वाकतो असे आपण समजतो. तो उलटा वाकत नाही. आपण ज्याला गुडघा समजतो ती त्याची टाच आहे! खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, कातडीत दडलेला असतो आणि तो तुमच्याआमच्यासारखाच पुढे वाकतो. पुढच्या पायाचा जो 'गुडघा', ते त्याचे मनगट. कोपर छातीला चिकटून वर राहते. मनगटाखालची लांब नळी म्हणजे आपल्या तळव्यातली हाडे एकत्र सांधून झालेली. आणि खूर म्हणजे नखे. बैल दोन बोटांच्या नखांवर चालतो, घोडा एकाच बोटाच्या. कुत्रे-मांजर बोटांवर चालते. आपण आणि अस्वल टाच टेकून. घरी, कोणी पाहत नसताना, हातापायांच्या बोटांवर ओणवे उभे राहून पाहा. बैलाचे पाय कुठे मोडतात ते एका क्षणात समजेल आणि पुन्हा विसरणार नाही.

आणखी एक गंमत. आपल्या खांद्याला गळ्याशी जोडणारे एक हाड असते, हासळीचे. बैलाला ते नाही. त्याचे पुढचे पाय हाडांनी धडाला जोडलेलेच नाहीत. दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये स्नायूंच्या पट्ट्यांनी छाती टांगलेली असते. आपल्या गावाला लोक 'जालना सोने का पालना' म्हणतात. बैलाची छाती हाही एक पाळणाच आहे. म्हणून तो ओझे ओढू लागला, की धड दोन पात्यांमध्ये झुकते आणि खांद्याचे पाते कातडीखाली सरकताना दिसते. हे ज्याला ठाऊक आहे, तो पुढचा पाय धडाच्या खाली चिकटवणार नाही. तो खांद्यापासून, वरून, पाय काढायला लागेल.

एक जनावर असे उलगडले की दुसरी सोपी जातात. शेळीचे पोट रुंद, मान बारीक, पाठ सरळ. मांजर म्हणजे एका ढिल्या दोरीत ओवलेले तीन चेंडू. दोरी वाकेल तशी मांजर वाकते. हत्तीला पाठीच्या कमानीपासून सुरुवात करावी. त्याचे पाय खांबासारखे सरळ. धुळवडीच्या हत्ती रिसाल्याची परंपरा सांगणाऱ्या जालनेकरांना मी हत्तीबद्दल अधिक काय सांगावे? पण एक पाहून ठेवा. हत्तीचा मागचा गुडघा पोटाच्या खाली स्पष्ट दिसतो आणि माणसासारखा पुढे वाकतो. बैलाचा पाय जसाच्या तसा हत्तीला लावला तर हत्ती बसलाच म्हणून समजा.

पक्षी हवा असेल तर कावळा घ्या. तो आपण बोलावण्याआधी हजर असतो. एक तिरके अंडे, त्यावर लहान चेंडू, त्यातून निघालेली दणकट पाचर, मागे शेपटीची पट्टी. पाय मात्र अशा जागी हवेत की अंड्याचा भार त्यांच्यावर तोलला जाईल. तसे झाले नाही तर कावळा तोंडावर पडतो. आर. के. लक्ष्मण यांना कावळ्याचे फार वेड होते. राजकीय व्यंगचित्रांतून सवड काढून त्यांनी कावळे रंगविले. ज्या पक्ष्याकडे आपण हाड्हाड् करण्यापुरतेच पाहतो, त्याच्यात त्यांना आयुष्यभर पुरेल एवढे पाहण्यासारखे सापडले.

आपल्या परंपरेत या रीतीची साक्ष जागोजागी आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली धातूच्या चार मोठ्या वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्या ओतणाऱ्या कारागिराने कातडीवरचा केस न् केस दाखविण्याचा खटाटोप केला नाही. मुख्य आकार घट्ट धरले. म्हणून हजारो वर्षांनी मातीतून वर आल्यावरही गेंडा गेंडाच राहिला.

वारली चित्रांत माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्या भांडवलावर तिथे सगळे रान उभे राहते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत आकार मोजकेच, पण धावणारे आणि चरणारे जनावर एकसारखे दिसत नाही. पाठीच्या रेषेचा कल बदलतो, मानेचा कोन बदलतो. आकार उसने, हालचाल पाहिलेली.

आणि अजिंठा तर आपल्या अंगणात आहे. भोकरदनच्या वाटेने निघालेला माणूस दुपारपर्यंत तिथे पोचतो. पहिल्या लेण्यात एका खांबाच्या शिरोभागी चार हरणे कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोके एकच! ज्या धडावर नजर ठेवावी, त्याचेच ते डोके वाटते. लोक याला चमत्कार म्हणून पाहतात आणि पुढे जातात. चित्र शिकणाऱ्याने मात्र तिथे थोडे थांबावे. शिल्पकार सांगतो आहे की जनावराची बसण्याउठण्याची ढब धडात असते. धड खरे उतरले की डोके आपोआप त्याचे होते. त्याच लेण्यात झुंजणाऱ्या बैलांचे रंगीत चित्र आहे. त्यातला जोर शिंगांत शोधू नका. तो खांद्यांत आणि मागच्या पायांच्या रेट्यात आहे.

आपल्या परंपरेत याची उलटी वाटही आहे. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी १९१४ साली भारतीय कलेतील शरीररचनेवर एक निबंध लिहिला. त्यात ते दाखवितात की आपल्या जुन्या शिल्पींनी माणसाचे अवयव घडविताना जनावरांचे आकार समोर ठेवले. पुरुषाचे धड गोमुखासारखे, बाहू हत्तीच्या सोंडेसारखा, डोळा मासोळीचा किंवा हरिणीचा. माणूस घडवायलासुद्धा ज्यांनी गाय आणि हत्ती इतके निरखले, त्यांच्या नातवंडांना गाय काढता येऊ नये काय?

आता मला या रीतीच्या धोक्याबद्दल बोलले पाहिजे. ते न सांगता उठलो तर व्याख्यान अर्धेच होईल. हल्ली मोबाइलवर बोट फिरविले की 'आठच्या आकड्यापासून मांजर', 'दोनच्या आकड्यापासून बदक' असे धडे मिळतात. मुले ते पाहून पाच मिनिटांत मांजर काढतात, आईबाप खूश होतात. मलाही त्यात वाईट दिसत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच मांजर निघते. दाराशी खरे मांजर बसलेले असते, त्याच्याकडे मूल मान वर करून पाहत नाही. कारण मांजर कसे असते हे त्याला 'येते'. गोळा हा जनावराकडे जाण्याचा रस्ता होता. तो साचा झाला की जनावराकडे जायचे कारणच उरत नाही.

साचा मोठमोठ्यांनाही फसवतो. युरोपातील नामांकित चित्रकार चौखूर धावणारा घोडा काढीत, तो पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणलेला, हवेत तरंगणारा. सगळ्यांनी एकमेकांचा घोडा पाहिला होता. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. तेव्हा दिसले की घोड्याचे चारही पाय जमीन सोडतात हे खरे, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा! ताणलेल्या पायांनी तरंगणारा घोडा फक्त चित्रांतच होता.

मग करायचे काय? गोळे टाकून द्यायचे? मुळीच नाही. गोळा हा प्रश्न म्हणून वापरावा. मी कागदावर अंडे काढले, की समोरच्या बैलाला विचारावे, 'तुझी छाती या अंड्याहून कुठे वेगळी आहे?' जिथे तो वेगळा, तिथेच तो आहे. खिलार घ्या. अंग घट्ट, चेहरा लांब आणि अरुंद. शिंगे जवळजवळ उगवून मागे झुकतात आणि धनुष्यासारखी वर जातात. लातूर-उदगीरकडची देवणी घ्या. कपाळ फुगीर, कान लांब आणि लोंबते, पोळी भरदार. गोऱ्या अंगावर बहुधा काळे ठिपके किंवा पट्टे. नांदेडकडचा लाल कंधारी घ्या. गडद लाल रंग, मध्यम बांधा, रुंद कपाळ. तिघांचे गोळे काढले तर प्रथमदर्शनी सारखे. पण ज्याच्या वहीत तिघेही एकाच साच्याचे निघाले, त्याने बैल पाहिलाच नाही असे शेतकरी म्हणेल, आणि ते खरे असेल. शेतकऱ्याचा हा शेरा मला परीक्षेतल्या श्रेणीहून मोठा वाटतो.

'अहो, पण चित्र काढायचेच कशाला? मोबाइलने फोटो काढला की झाले,' असा प्रश्न काही तरुणांच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. फोटो काढावा. तो उपयोगी आहे. परंतु फोटो काढायला बैलाचा मागचा गुडघा कुठे आहे हे ठाऊक असावे लागत नाही. चित्र काढणाऱ्याला प्रत्येक रेघेला बैलाची विचारपूस करावी लागते. पाव तास अशी विचारपूस झाली, की ते जनावर ओळखीचे होते. मग त्याच्या पायातले लंगडणे, खांद्याला पडलेला घट्टा, उन्हात खपाटीला गेलेले पोट आपल्या नजरेतून सुटत नाही. मुलाला प्राण्यांवर दया कर असे दहा वेळा सांगण्यापेक्षा, एक बैल समोर बसून काढायला लावणे अधिक गुणकारी ठरेल, असे माझे मत आहे.

आणि ही ओळख करून घ्यायला आता फार अवधी आहे असेही नाही. देशात २०१२च्या पशुगणनेत गोवंशातील नर जनावरे सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९च्या गणनेत ती सुमारे ४ कोटी ७४ लाख भरली. सात वर्षांत दोन कोटींहून अधिक कमी. शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेऊ नये असे मी म्हणणार नाही. भाड्याच्या खोलीत राहून शेतकऱ्याने बैल पाळावेत असा उपदेश करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होईल. पण पोळ्याला ज्याच्या पायावर पाणी घालून आपण ओवाळतो, ते जनावर उद्या आपल्या मुलांना फक्त मातीच्या आणि प्लास्टरच्या बाहुल्यांतून कळणार असेल, तर निदान आज ते पाहून घेण्याची जबाबदारी आपली आहे. साचा हातात राहील. पण तो ज्यावरून पडला तो बैल समोर नसला, की साचा चुकला हे सांगणारे कोणी उरणार नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी एक साधी विनंती आहे. येत्या पोळ्याला मुलांना कुंडलिकेच्या अलीकडे-पलीकडे जिथे बैल येतील तिथे सकाळी घेऊन जा. बैल धुवून उभे असतात, अजून झूल चढलेली नसते, ती वेळ साधा. झूल चढली की गोळे झाकले जातात. प्रत्येकाच्या हाती एक वही आणि मऊ शिशाची पेन्सिल द्या. खोडरबर घरी ठेवा. एका बैलाला पाच मिनिटे, आणि मालकाला विचारून मगच जवळ जा. पहिल्या पानावर फक्त धड. दुसऱ्यावर धड आणि पाय. तिसऱ्यावर मान आणि डोके. शिंगे, घुंगरे, गोंडे आणि रंगीत कागदी फुले चौथ्या पानावर, मुलांना वाटेल तेवढी. मग एक चित्र बैलाच्या मालकाला दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐका. तो म्हणाला, 'हा माझाच हाय,' तर मुलाला अजून कोणत्या बक्षिसाची गरज नाही. आणि तो म्हणाला, 'पाठ जरा जास्त वाकली,' तर पुन्हा त्या बैलाकडे वळून पाहावे.

कित्येकांनी कार्यक्रमपत्रिकेवर बैल काढले. ते बैल घडी करून खिशात न्यावेत, इथे खुर्चीखाली सोडून जाऊ नयेत, एवढे सांगतो आणि आपली रजा घेतो.